सासूबाईंची फौज

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत आजच्या घडीला सगळ्यात मोठी फौज कुणाकडे असेल, तर ती उत्रोलीत, माझ्या सासूबाईंकडे आहे. त्यांचं माहेर पाली, राजगडाच्या पायथ्याचं. पण गडावर ऐन रविवारी चढत नसतील एवढी माणसं यांच्या मोबाईलमध्ये कोंबलेली आहेत. बशीएवढ्या डोळ्यांची, निळ्या-गुलाबी केसांची, जपानी कार्टूनमधून उठून आल्यासारखी. माझ्या नवऱ्याने नवा मोबाईल घेतला तेव्हा जुना आईला दिला आणि त्यातला हा खेळ काढायचा विसरला. एकेक वीर गोळा करायचा, त्याला वाढवायचं आणि राक्षसांवर सोडायचं, असा तो खेळ. नवरा शिरवळला कंपनीत पाळीला गेला की सुटतो. लाज वाटून घ्यायचं काम माझ्याकडे. मी भोरला कॉलेजात शिकवते. माहेर आणि सासर मिळून पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते. अशा बाईच्या सासूने चुलीपुढे बसून "हाण मुडद्याला, हाण!" म्हणून ओरडावं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यांच्या फौजेचे कायदे जगावेगळे. नवा वीर बोलवायचा तर अमावास्या टाळायची आणि मोबाईलला हळदकुंकू लावायचं. त्यामुळे काचेचा एक कोपरा कायमचा पिवळा झालाय. वीर आला की दुसरे लोक त्याची ताकद बघतात, सासूबाई त्याचे कपडे बघतात. या खेळातल्या बायकांना शिंप्याने कापडात फार मारलेलं असतं. "अगं भवाने, थंडी वाजंल की," म्हणत त्या पहिलं तिला चिलखत चढवतात, तेही भारी नव्हे, जास्तीत जास्त अंग झाकणारं. पांढऱ्या केसांचा एक तरणाबांड तलवारबाज आहे. त्याच्याकडे बघून त्या रोज हळहळतात, "ऐन ज्वानीत डोकं पिकलं. घरची काळजी आसंल." दुबळे वीर मोठ्या वीराला खायला घातले की मोठा आणखी बलवान होतो, असा खेळाचा नियम आहे. तो नवऱ्याने समजावला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो जेवण अर्धवट टाकून उठला. "दारात आल्यालं माणूस दुसऱ्याच्या पोटात घालू व्हय रं?"

या सगळ्यांत त्यांची लाडकी म्हणजे एक चष्मेवाली पोरगी. हातात तिच्याहून मोठं पुस्तक, आणि शस्त्र म्हणजे तेच पुस्तक फेकून मारायचं. ताकद सगळ्यात कमी. तरी सगळ्यात भारी चिलखत तिलाच, आणि लढाईला मात्र कधीच पाठवायची नाही. एकदा मी विचारलं, "आई, हिला नुसती बसवून का ठेवता?" त्या म्हणाल्या, "ती शिकल्याली हाय. तिला कशाला मारामारीत वढायची?" मला तेव्हा हसू आलं होतं.

हसू फार दिवस टिकलं नाही. आमच्या प्राध्यापक मंडळींना मी नव्या आंबेमोहोराचा भात खायला घरी बोलावलं. विभागप्रमुखांनी पहिला घास उचलला, तोच स्वयंपाकघरातून एक मुलगी जपानीत किंचाळली आणि मागोमाग सासूबाई ओरडल्या, "ढाल धर की गं सटवे, मरशील!" सगळ्यांचे हात पानातच थांबले. मी म्हणाले, "शेजारची मुलं खेळतायत." तर सासूबाई मोबाईल घेऊन दारात हजर. "शेजारची कुठली? मीच हाय. चार डाव झाले, जागचं हलंना मेलं. भात वाढू का आजून?" दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी मला विचारलं, "मॅडम, सासूबाई कोणत्या लेव्हलला पोचल्या?" मी तासाला निघून गेले. तास रिकामा होता.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. या खेळात अडलेल्या लढाईला दुसऱ्या खेळाडूचा वीर मागून घेता येतो. घेणारा घेतो आणि विसरतो. सासूबाईंना ते जमेना. त्यांच्या लेखी ती सावड होती. आमच्याकडे भाताची लावणी सावडीवर चालते: आज तुम्ही आमच्या खाचरात एक दिवस या, उद्या आम्ही तुमच्या खाचरात एक दिवस येतो. पैशाचा संबंध नाही, पण दिवस फेडायचा म्हणजे फेडायचा. कुणा नाशिकच्या पोराचा वीर घेतला की सासूबाई त्याच्या लढायांना हटकून हजर. खेळातल्या त्यांच्या गटातली पोरं त्यांना मावशी म्हणत. सकाळी चहा उकळेपर्यंत आणि दुपारी भांडी निथळेपर्यंत त्या परक्या पोरांचे दिवस फेडत असत.

मी याला खुळेपणा म्हणत होते. घरच्या सावडीचं काय झालं, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. सासरे गेले, सासूबाईंचे गुडघे गेले आणि सून आली ती कॉलेजात शिकवणारी. दिवस फेडायला आमच्या घरात माणूसच उरलं नाही. कुणी भांडलं नाही. शेजारच्या सुमनकाकू आणि त्यांच्या सावडीतल्या बायका आमच्या खाचराकडे यायच्या हळूहळू थांबल्या, एवढंच. मग मजुरीच्या बायका टेम्पोने आणायच्या. यंदा तो टेम्पोही आमच्या वाट्याला आला नाही. रोपं हातभर वाढून पिवळी पडायला लागली.

एका शनिवारी संध्याकाळी घरी आले, तर मोठ्या पातेल्यात पावटे भिजत घातलेले.

"आई, कोण येणार आहे?"

"आपली पोरं. उद्या लावणीला." त्यांनी मोबाईल वर केला. "बोलून निरोप धाडलाय. म्हनलं, म्या रोज तुमच्या लढाईला येते, आता ऐतवारी तुमी माझ्या लावणीला या. जेवाण हितंच."

"अहो, ती पोरं खेळापुरती असतात."

"खेळापुरती? मग म्या कवाधरनं त्यांच्यासाठनं लढतीया, ते काय खोटं व्हतं?"



रविवारी त्यांनी पाट्या भरून भाकरी केल्या. गल्लीतून सुमनकाकूंच्या खाचराकडे निघालेल्या बायका वाकून बघत होत्या. "काकी, कुणाचं लगीन काढलं?" "पावणं यायचेत," सासूबाई ओट्यावरून सांगत होत्या. मी दाराच्या आड उभी होते. दुपार कलली. पाहुणे आले नाहीत, मोबाईलवर उत्तरं आली: हसणारी तोंडं, लाल बदाम, आणि एका पोराने विचारलेलं, "मावशी, कुठल्या सर्व्हरवर?"

ते त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग मोबाईल पदराने पुसून बाजूला ठेवला.

"लेकरं हायती. त्यास्नी वाटलं, खेळातलीच हाय लावणी." आणि भाकरीच्या पाटीकडे हात करून, "आन्न वाया घालवू नगं. सुमनच्या बायकांना नेऊन दे जा."

त्या भाकऱ्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी विभागप्रमुखांसमोर वाटली नव्हती. सासूबाईंची लाज नव्हे ती. सुमनकाकू चिखलात कमरेत वाकलेल्या होत्या. तशाच मान वर करून म्हणाल्या, "काय म्याडम, भाकरी आणली. हात बी आणल्यात, का ते घरीच ठिवलं?"

बायका खिदळल्या. टोमणा ऐकून मागे फिरणं माझ्या रक्तात नाही. मी पाटी बांधावर ठेवली, सलवार गुडघ्यापर्यंत सारली आणि उतरले. माहेरच्या आईने मला जन्मात चिखलात पाय घालू दिला नव्हता. घोट्याच्या वर गार चिखल आला तेव्हा पहिली तिचीच आठवण झाली. माझी ओळ बघून एक बाई म्हणाली, "ही लावणी हाय का वरंध्याचा घाट?" सुमनकाकूंनी माझी अर्धी रोपं उपटून पुन्हा लावली. पण दिवस मावळेपर्यंत मला बाहेर निघा म्हणून कुणी म्हणालं नाही.

सोमवारी वर्गात खडू धरला, तर नखांत चिखल. तो मी लपवला नाही, असं लिहायला आवडलं असतं. लपवला.

मंगळवारी सकाळी सुमनकाकू आमच्या खाचरात हजर. एकट्याच. मी अर्धाच दिवस दिला होता, फेडायला अख्खा आला. मी रजा टाकून त्यांच्या शेजारी वाकले. सासूबाई बांधावर बसून रोपांच्या मुठी आमच्याकडे फेकत होत्या आणि सुमनकाकूंशी कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टी काढून हसत होत्या. एवढं त्यांना हसताना मी मोबाईलपुढेही बघितलं नव्हतं. यंदा आमचं एकच खाचर लागलं. बाकीची तशीच राहिली.

त्या संध्याकाळी मी कंबर धरून भिंतीला टेकले होते. चुलीपुढून तोच लढाईचा गलका. सहज वाकून बघितलं, तर फौजेच्या पुढे, पांढऱ्या केसांच्या तलवारबाजाच्याही पुढे, ती चष्मेवाली. राक्षसाने एक हात मारला आणि ती पुस्तकासकट आडवी झाली.

"आई, पडली की ती!"

"पडू दे," सासूबाई म्हणाल्या. मोबाईलवरची नजर त्यांनी काढली नाही. "उतरली तर खरी." आणि कोमट तेलाची वाटी पायाने माझ्याकडे सरकवली.