जुन्या जीपचं माउंटिंग

डोंगरातल्या एका वर्कशॉप तुकडीत माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार मेकॅनिक होतो. मी रिठदचा. तिथे आमच्याच वाशीम जिल्ह्यातला एक नाईक आधीपासून होता, इंझोरीचा दिगंबर. घरी भाजीपाल्याची शेती. जिल्ह्याचा माणूस भेटला म्हणून पहिला आठवडा आनंदात गेला. नंतर लक्षात आलं, गाडी अडली की तुकडीचे मेजरसाहेब त्यालाच हाक मारतात.

मी प्रत्येक कामाची यादी ठेवायचो: हत्यारं, बोल्ट, वेळ. दिगंबर बॉनेटवर हात ठेवून दोष सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर. मला ते सहन होत नसे.

एके दिवशी १४०० वाजता ताफा पुढच्या चौकीकडे निघणार होता. सोबत एक मेकॅनिक जाणार होता. मला जायचं होतं. तिथे काम केलेल्याचं नाव बढतीसाठी आधी घेतलं जायचं. ०८३० ला ताफ्यातल्या जुन्या जीपच्या गिअरबॉक्सखालचं रबरी माउंटिंग, त्याचं वजन झेलणारी गादी, फाटलेलं आढळलं. मूळ बनावटीचं शिल्लक नव्हतं. बाजारातून आणलेलं एक होतं, थोडं जाड. मी म्हणालो, मी बसवतो.

गिअरबॉक्सला जॅक लावला. जुनं काढलं, नवं बसवलं, चारही बोल्ट आवळले, मग जॅक काढला. १०४५. यादीवर खुणा केल्या. चाचणीत गिअरचा दांडा हातात थरथरू लागला.

दिगंबर गाडीखाली सरकला. "भाऊ, जॅक लावेल असतानाच बोल्ट कसले का?"

"मग?"

"रबर पिळल्या गेलं ना. हे बाजारचं हाय, जाड हाय. बोल्ट ढिले ठेवा, गिअरबॉक्सचं वजन बसू द्या, मंग आवळा. तुमच्या यादीत नाही का हे?"

"तू कायले मधात पडून राह्यला?"

"मी पडलो तं गाडी निघन, भाऊ."

त्याने बोल्ट ढिले करून पुन्हा आवळले. वीस मिनिटांत थरथर गेली. साहेबांनी दांड्यावर हात ठेवून पाहिला. "दिगंबर जाएगा."

त्याच जीपमध्ये चढताना तो म्हणाला, "तोंड कायले पाडलं? पुढच्या खेपेले तुमी."

मी हत्यारं गोळा करायला वळलो.

१६२० ला रेडिओ वाजला. "पहाड़ गिरा है। जीप नीचे। दो आदमी। ओवर."

"ज़िंदा? ओवर."

"नहीं. ओवर."

जीपमध्ये ड्रायव्हर आणि दिगंबर होते. चौथ्या दिवशी ती वर काढली. तपासणी माझ्याकडे आली. दरड कोसळताना मागच्या गाडीतल्या सगळ्यांनी पाहिली होती. तरी मी आधी गाडीखालीच गेलो. मी त्याची चूक शोधत होतो. चारही बोल्ट घट्ट होते. रबर सरळ होतं.

सुट्टीत इंझोरीला गेलो. त्याची आई वांगी तोडत होती. ड्रायव्हरचं, दरडीचं तिने काही विचारलं नाही.

"कामाले कसा होता माहा पोरगा?"

"माह्यापेक्षा चांगला होता, माय."

तो असताना हे मी एकदाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हणताना जड गेलं.