साडूंचं नाक

मुळशी तालुक्यात प्लास्टिकची खरी पारख एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस दुर्दैवाने माझा साडू आहे. हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतं. उरवड्याला आमच्या दोघांच्या शेड समोरासमोर आहेत. दोघांकडे एकेक लेथ, दोघंही एकाच आयटीआयमधून बाहेर पडलेले, आणि दोघांच्या बायका एकाच आईच्या लेकी. इतकं सगळं सारखं वाटून झाल्यावर देवाचा हात कुठे सुटला कोण जाणे, पण प्लास्टिकची सगळी अक्कल त्याने साडूंच्याच पदरात टाकली. मी आपला लोखंड-पितळवाला. हल्ली मात्र ज्याला त्याला पार्ट हवे असतात ते प्लास्टिकचे. हलके, स्वस्त आणि कालच मिळायला हवे होते असे. अशी चौकशी माझ्या दारात आली आणि मी कोणतं प्लास्टिक बरं पडेल याचा विचार करायला लागलो, की डबा घेऊन आलेली आमची बायको मागून म्हणते, "दाजींना विचारा की!" हे वाक्य शेडच्या पत्र्यावर रंगवूनच घ्यावं, निदान तिचा घसा तरी वाचेल, असं मला अनेकदा वाटलं आहे.

साडू माण गावचे. घरच्या जमिनीवर आता खोल्या उभ्या आहेत आणि त्यांत कॉम्प्युटरवाले भाडेकरू राहतात. त्यामुळे साडूंना लेथवर उभं राहायची काडीची गरज नाही, हा माझ्या दुःखाचा आणखी एक पदर. पण अख्खा नवा रॉड विकत घेणं हे ते पाप समजतात. मोठ्या कंपन्यांच्या कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग दिसला की धोतर सावरून बसावं तशी पँट सावरून बसतात आणि सुगरण वांगी निवडते तसे तुकडे निवडतात. आधी नख मारायचं. मग फरशीवर आपटून आवाज ऐकायचा. मग बादलीत टाकून तरंगतो की बुडतो ते बघायचं. आणि शेवटी सुरीने एक कपटा काढून तो काडीने पेटवायचा, विझवायचा आणि धूर नाकापाशी न्यायचा. "मेणबत्तीगत वास आला, म्हंजे एचडीपीई. गरीब गाय हाय बघा. स्वस्त बी, आन् लेथवर शेवईगत लांब कीस सोडतंय." नायलॉनला जळक्या केसांचा वास, अॅक्रिलिकला गोडसर फळाचा. पीव्हीसीचा तुकडा ते लांबूनच ओळखतात आणि काडी खिशात टाकतात. "त्याचा धूर इख हाय, पाव्हणं."

त्यांचं म्हणणं सरळ आहे. ज्यात काम भागेल त्यातलं स्वस्त घ्यावं, आणि स्वस्तातलंही जे हत्याराशी भांडत नाही तेच घ्यावं. "म्हागाचं कुणीबी निवडंल, त्याला काय डोस्कं लागतंय?" हे ते माझ्या शेडमध्ये उभं राहून म्हणाले तेव्हा मी नुकताच एक महागडा रॉड खांद्यावरून उतरवत होतो.

एकदा त्यांची चांगली फजिती होणार होती. एका नातेवाइकाच्या साखरपुड्यात त्यांनी कंपनी बघायला म्हणून एक प्लास्टिकची खुर्ची उलटी केली, आणि नेमके त्याच वेळी नवरीचे मामा मागे न बघता तिच्यावर बसायला गेले. मामा जमिनीवर. सनई थांबली. माझ्या अंगावर आनंदाचे रोमांच उभे राहिले. पण साडू मामांना उठवता उठवता म्हणाले, "स्वस्तात पडावी म्हून खुर्चीत खडू लई मिसळलाय. तुमी बसला असता तर पाय तुटून कंबरच मोडली असती. वाचलासा!" मामांनी त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानले. मामांची पोल्ट्री होती. पुढच्याच आठवड्यात त्या पोल्ट्रीतल्या पाण्याच्या नळ्यांच्या जोडण्यांचं काम साडूंच्या शेडमध्ये सुरू झालं. ती खुर्ची मी का नाही उलटी केली, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत होतो.

मग पिरंगुटजवळच्या एका बाटल्या भरणाऱ्या कारखान्याचं मोठं काम निघालं, आणि ते अर्थातच त्यांच्याकडे गेलं. बाटल्या पुढे ढकलणारी दातेरी चाकं करायची होती, आणि ती दिवसभर पाण्यात भिजणार होती. तिथे नायलॉन चालत नाही. ते पाणी पिऊन फुगतं आणि बाटल्या अडकतात. पाणी न पिणारं अॅसिटल हवं. साडूंनी पांढऱ्या तुकड्यांचा ढीग स्वस्तात उचलून आणला होता, पण त्यात दोन्ही जाती मिसळलेल्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पाण्यात बुडणाऱ्या. हा त्यांचा डाव्या हाताचा खेळ. तरी त्यांचा लेथ काही सुरू होईना. समोरून आवाज येत नाही हे ऐकून मला झोप छान लागू लागली.

एके दुपारी ते रस्ता ओलांडून आले. खिशातून पांढरा कपटा काढला, पेटवला, विझवला आणि माझ्यासमोर धरला.

"पाव्हणं, वास घ्या जरा."

"केस जळाल्यासारखा येतोय. नायलॉन. पण मला कशाला विचारता? तुम्हाला येत नाही?"

"न्हाई येत. मागं सर्दी झाली हुती. ती गेली ती वास घिऊनच गेली. डाक्तर म्हणतोय, आला तर यील." मग हळूच म्हणाले, "घरात बोलू नगा. तुमच्या मंडळींना तर न्हाईच न्हाई."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्या दारात उभं होतं. एक शब्द उलटा बोललो असतो तर कारखान्यातल्या बाटल्या अडकल्या असत्या आणि माणपासून चांद्यापर्यंत सगळ्यांना कळलं असतं की साडूही चुकतात. पण ते उलट्या डब्यावर बसून माझ्या नाकाकडे असे बघत होते, की मला खोटं बोलणं सुचलंच नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही तो ढीग निवडला. अॅसिटलचा धूर नाकात मिरचीसारखा जातो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की साडू खूश व्हायचे. "झोंबला व्हय? मंग ठिवा हिकडं!"

चाकं बिनबोभाट बसली. कारखान्याच्या साहेबाने साडूंची पाठ थोपटली. आमच्या बायकोने मला डबा देता देता सांगितलं, "बघितलंत? दाजी ते दाजीच." मी "हो ना" म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. अजूनही ते पाना मागायच्या निमित्ताने येतात आणि खिशातून कपटा काढतात. नाक माझं आणि नाव त्यांचं. जळफळाट पहिल्यासारखाच होतो, फक्त आता तो कुणाला सांगता येत नाही.

दिवाळीनंतर त्यांनी आम्हाला नव्या आंबेमोहोराच्या जेवणाला बोलावलं. मेहुणीने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पंगतीतले सगळे एकदम "वा!" म्हणाले. साडूही म्हणाले, जरा मागाहून. ते माझ्या शेजारीच बसले होते. सगळे वाढून घेण्यात गुंतले तेव्हा त्यांनी मला कोपराने हळूच ढोसलं.

"कसा हाय यंदाचा?"

मला असलं काही सांगता येत नाही. तरी म्हणालो, "गेल्या वर्षीपेक्षा चांगला. आधी तापल्या दुधासारखा येतोय. मग जरा थांबून, गोडसर."

ते ताटातल्या भाताकडे बघत ऐकत होते. अजून वरणही घातलं नव्हतं.

"आनि?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा पातेल्याकडे वाकलो.