चिखलाची सायकल

अमेरिकेत जाऊन मी पहिला गाढवपणा केला तो खंडेनवमीला: शेजाऱ्यांची सायकल धुतली. न विचारता. वय बेचाळीस, उत्साह सोळाचा, अक्कल बहुतेक नागपुरातच राहिली होती.

१९८४ साल. धाकट्या भावाकडे, श्रीकांतकडे, सनीव्हेलला गेले होते. विमानतळापासून घरापर्यंत मैदानासारखे रुंद रस्ते आणि चालणारं माणूस एकही नाही! गल्लीच्या टोकाला जर्दाळूची एक बाग तेवढी उरली होती.

शेजारी नव्वदीचे वॉल्टर आणि त्यांची बायको डोरोथी. दुसऱ्याच दिवशी तिने बिस्किटं (म्हणजे आपले छोटे मऊ पावच) आणि जर्दाळूचा जॅम खायला बोलावलं. भिंतीवर फोटो होता: मिशीवाला तरुण, खांद्यांवरून गुंडाळलेली दोन जादा टायरं. वॉल्टरच! सायकलवरून तारा (टेलिग्राम) पोहोचवता पोहोचवता सोळाव्या वर्षी सायकल-शर्यतीत उतरले. कच्चे रस्ते, शंभर-शंभर मैल.

"आणि पंक्चर झालं तर?" मी विचारलं.

"आपलं आपण काढायचं. दुसऱ्याने हात लावला की बाद!"

सहा वर्षं बक्षिसं मिळवली. शेवटची शर्यत पावसात. वॉल्टर सगळ्यांच्या पुढे, दहाच मैल उरलेले, आणि चिमटा (पुढचं चाक धरणारे दांडे) तडकला.

"मी तिकडे फुलं घेऊन उभी, आणि हा आला चालत!" डोरोथी म्हणाली. "मेल्या चिमट्याने घात केला, नाहीतर पहिलाच होता."

वॉल्टर पाव खात राहिले. पुढे त्यांनी सायकल-दुरुस्तीचं दुकान काढलं. ती सायकल मात्र चिखलासकट जपली. आता ती गावच्या वाचनालयात मांडायची होती, तडकलेल्या चिमट्याची गोष्ट सांगणाऱ्या पाटीसह.

न्यायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. श्रीकांतच्या गाडीची पूजा करताना मला कुंपणाला टेकवलेली सायकल दिसली. सणाच्या दिवशी वाहन पारोसं कसं ठेवायचं? पाइप सोडला, घासणीने खसाखसा घासली, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल.

"ताई, काय केलंस! सत्तर वर्षांचा चिखल होता तो!" श्रीकांत ओरडला.

तेवढ्यात काठी टेकत वॉल्टर आले. मी घासणी पाठीमागे लपवली. ते वाकले, चिमट्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मीही पाहिलं. लखलखीत, सरळ. केसाएवढीही चीर नाही.

घरातून डोरोथीची हाक आली. वॉल्टरनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले,

"दमलो होतो गं, सुधा. बस. आता पटकन थोडा चिखल कालव, ती बाहेर येतेय."