उदगीरच्या उतारावर ओढलेला हँडब्रेक

देगलूरहून आमचा ट्रक निघाला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मागे सरकी पेंडीची पोती, पुढे सत्तार चाचा आणि मी. पोती रेणापूरच्या व्यापाऱ्याकडे उतरवायची होती आणि मला तिथल्याच माझ्या ताईच्या घरी. एसटीने गेले असते, पण पप्पा म्हणाले, आपलीच गाडी चाललीय, तिच्यातून जा.

त्यामागचं कारण त्यांनी मला दुकानाच्या आत नेऊन सांगितलं. “चाचाकडे लक्ष ठेव. त्यांचे डोळे गेलेत असं वाटतंय. परवा गाडी गेटला घासली. काही चुकलं तर आल्यावर सांग, मी दुसरा ड्रायव्हर बघून ठेवलाय.” सत्तार चाचा बावीस वर्षं आमचा ट्रक चालवतात. मी शाळेत जायला लागले त्याच्याही आधीपासून. मी मान हलवली.

देगलूर सोडताना नाक्यावर एकाने चाचांना तेलुगूत हाक मारली, चाचांनी तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि दोघं मोठ्याने हसले. मला त्यातलं काही कळलं नाही. मी नांदेडला इंग्रजी शाळेत शिकले, नोकरीला पुण्यात आहे. माझ्याच गावात मला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत आणि विचारायची लाज वाटते. मग मी नुसती बघत राहते. बाहेर सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं होती, मधूनमधून पिवळ्या फुलांची तूर. चाचा खड्डे लांबूनच ओळखून चुकवत होते. तरी मी फोनमध्ये नोंद केली : वळताना हॉर्न देत नाहीत.

उदगीरला त्यांनी गाडी एका उतारावर उभी केली, खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गेले. तिथे सगळे पुरुष बसले होते म्हणून मी गाडीतच थांबले. हँडब्रेक त्यांनी ओढलाच नव्हता. पुण्यात ड्रायव्हिंग शिकताना आमचे सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, गाडी थांबली की आधी हँडब्रेक. मी दुसरी नोंद केली. तेवढ्यात गाडी दगडावर टेकताना किंचित हलली. मी घाबरले आणि दोन्ही हातांनी तो लिव्हर कचकचून वर ओढला. फार जोर लावावा लागला. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला बरंच वाटलं, की आपल्याला बरोबर ते कळतं.

चाचा कागदी प्लेट घेऊन येताना दिसले तसा मी लिव्हर गुपचूप खाली टाकला. मी लक्ष ठेवून आहे हे त्यांना कळायला नको होतं. प्लेटमध्ये सुशिला होती (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात ती), वर भरपूर शेंगदाणे आणि हिरवी मिरची.

“खा बेटा. पुन्याला असली भेटत न्हाई.”

खरंच भेटत नाही.

उदगीर सोडून दहा-बारा किलोमीटर झाले असतील. चाचा गिअर बदलताना पुटपुटले, “गाडी लई जड चालून राहिली.” मग जळका वास आला. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून डाव्या मागच्या चाकाजवळ तळहात नेला आणि झटकन मागे घेतला. पाण्याचे दोन थेंब बोटांनी शिंपडले. चर्र झालं. मी वळून लिव्हरकडे पाहिलं, तो खालीच होता.

गाडी निवू दिली आणि मग अगदी हळूहळू नेली. पुढच्या फाट्यावर बालाजी मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज होतं. चाचांची आणि त्यांची जुनी ओळख.

“काय चाचा, म्हातारपनी ब्रेक दाबूनच गाडी चालवायलाव व्हय?”

“आधी बघ, मंग बोल.”

मिस्त्रींनी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागचं चाक जॅकवर उचललं आणि फिरवून पाहिलं. हलेना. मग ते खाली सरकले आणि चाकामागची छोटी निपल सैल केली. ब्रेकचं थोडं तेल बाहेर आलं. चाक पुन्हा फिरवलं, तरी हलेना.

“तेलाचं न्हाई हे,” खालूनच त्यांचा आवाज आला. “तेलाचं दाबून धरलं असतं तर आता सुटलं असतं. हे वायरीचं हाय.” त्यांनी हँडब्रेकची वायर चाकाकडून सोडवली आणि चाक गर्रकन फिरलं.

वायर आतून गंजून गेली होती. एकदा ताणली गेली ती परत आलीच नव्हती. वर लिव्हर खाली पडलेला, आणि आत चाकाच्या ड्रमला लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) घट्ट चिकटलेले.

“चाचा, ह्याला हात कुनी लावला?”

“सात-आठ साल झाले, कुनी लावला न्हाई. मी दगडाचा मानूस.”

“मंग भुतानं ओढला का?”

मी दाराच्या पत्र्याकडे बघत होते. त्याच वेळी चाचांचा फोन वाजला. पप्पा होते, आणि चाचा नेहमी स्पीकरवरच बोलतात.

“सत्तारभाई, व्यापारी विचारतोय, गाडी कुठंय?”

“शेठ, हँडब्रेक अटकला. मागचं चाक गरम झालं.”

“ओढून ठेवला आणि तसाच चालवला?”

चाचांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. बालाजी मिस्त्री पाना हातात धरून ऐकत होते.

“हाव. माझ्याच ध्यानात न्हाई ऱ्हायलं.”

“मग आता पुरे. माल उतरवून आलात की चावी दुकानात ठेवा. उगाच कुणाचा जीव जायचा.”

“जी शेठ.”

फोन माझ्यापासून दोन हातांवर होता. “पप्पा, मी ओढला,” एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मला ते म्हणता आले नाहीत.

मिस्त्रींनी ड्रम काढला. लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते पॉलिश पेपरने घासले, जुळवणी नीट केली, निपल कसून ब्रेकमधली हवा काढली आणि गंजकी वायर बाजूला बांधून टाकली. नवी मिळेपर्यंत दगड आहेच, म्हणाले. आम्ही निघालो. नळेगाव मागे पडल्यावर मी कसंबसं विचारलं, “चाचा, तुम्ही तसं का सांगितलं?”

“हॉटेलातून दिसली होतीस तू. दोन्ही हातांनी ओढत होती.” त्यांची नजर रस्त्यावर होती. “निघायच्या आदी चाक बघायला पायजे होतं मी. न्हाई बघितलं. मंग चूक माझीच की.”

रस्त्याच्या पलीकडून, हॉटेलातल्या गर्दीतून त्यांना माझे हात दिसले होते. मी मान खाली घातली. लातूर कधी आलं, कधी गेलं, मला आठवत नाही.

रेणापूरला ताईकडे चार दिवस राहिले. तिने दोनदा विचारलं, काय झालंय. मी काही नाही म्हणाले. एसटीने परत देगलूरला आले तेव्हा पप्पा जेवायला बसले होते. चप्पल काढायच्या आधी मी सांगून टाकलं. हँडब्रेक मी ओढला, फोन आला तेव्हा मी तिथेच होते, आणि चाचांना लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

पप्पांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. “तू ओढलास? अगं, मग सांगायचं नाही का! तुला काय माहीत जुन्या गाडीचं.” त्यांनी तिथूनच फोन लावला. “सत्तारभाई, या उद्यापासून. आमच्या पोरीचा प्रताप होता म्हणे तो!” पलीकडून चाचाही हसले, किंवा तसा आवाज आला. पप्पांनी माफी वगैरे काही मागितली नाही.

येताना एसटीत मी सगळा ओरडा मनातल्या मनात खाऊन ठेवला होता. तो मिळालाच नाही. चूक चाचांची होती तेव्हा तिच्यापायी बावीस वर्षांची चावी गेली होती. माझी झाली आणि अर्ध्या मिनिटात तिची गंमत झाली. हे बरोबर नाही, हे मला पप्पांना सांगायचं होतं.

आईने माझं ताट वाढलं. पप्पा तीच गोष्ट तिला पुन्हा हसून सांगत होते. मी हात धुऊन आले आणि जेवायला बसले.