गुरुजींना दिलेलं उत्तर

सकाळी आई भाकऱ्या थापत होती. समोर डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधले गुरुजी मंद हसत म्हणाले, "आज स्वतःला विचारा, कशी आहेस तू?" आईचे हात थांबले. मोबाइलकडे बघून ती हळूच म्हणाली, "दमलेय हो, गुरुजी."

मी दारातच थबकले. खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला माझा. हा माणूस एकच प्रश्न एका दमात अख्ख्या देशाला विचारतो, उत्तराला थांबत नाही, मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात येते. मनःशांतीचा हा बाजार आहे, असं मी पत्रकांतून ठणकावून लिहिलंय. पाण्याच्या आंदोलनासाठी मी अर्जावर सह्या घेत वस्तीत दारोदार फिरते, बायकांची गाऱ्हाणी तासन्‌तास ऐकते. आणि माझ्या आईचं दमणं सांगायचं कुणाला, तर ह्याला! पण त्यानं निदान विचारलं तरी. मी कधी विचारलं होतं?

मी मोबाइल बंद केला, तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "आई, कशी आहेस गं?"

तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आण इकडे. कुठं सही करायची?"