अवकाशातला आवाज

पणमास्तरांनी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि घरात कुणाला काही सुखाने बघू दिलं नाही. नाव मुलांनी ठेवलेलं. कुणी काही बोललं की मास्तरांचा "पण" तयारच असायचा. "पण घर्षणाचं काय?" "पण ऊर्जा आली कुठून?" स्वतःच्या लग्नाच्या बैठकीतही त्यांनी असे दोन-चार "पण" काढले म्हणे, आणि लग्न तिथेच मोडलं. सुंठेवाचून खोकला गेला, म्हणून मुलीकडच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

निवृत्तीनंतर मास्तर थोरल्या बहिणीकडे राहायला आले. आई लवकर गेल्यामुळे ताईंनीच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. ताईंचे यजमान मालवाहू बोटीवर इंजिनिअर होते. एका सफरीत परक्या बंदरावर आजारी पडले आणि तिथेच गेले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. ताईंना उरला होता एकच शौक, रोज संध्याकाळची अवकाशयानाची मालिका. तिच्यातला कप्तान दूरच्या ताऱ्याकडे गेलेला, बायको घरी वाट बघणारी, आणि तो परत कधी येतो याकडे ताईंचे डोळे लागलेले.

मास्तर शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि पडद्यावर यान फुटलं रे फुटलं की सुरू व्हायचे.

"ताई, अवकाशात हवा नसते. हवाच नाही, तर आवाज येईल कसा?"

"मला येतोय ना."

"पण ती परग्रहावरची हिरवी राणी आपल्या भाषेत कशी बोलते?"

"शिकली असेल. तुझ्यासारखी नुसती शंका काढत बसत नाही ती."

कप्तान मरता मरता वाचला त्या दिवशी ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि नेमकं तेव्हाच मास्तरांनी प्राणवायूचा हिशेब काढला. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "ऊठ! मालिका चालू असताना तू गॅलरीत बसायचं. संपली की आत ये." माणूस साठी ओलांडलेला, पण शिक्षा झालेल्या पोरासारखा गॅलरीत जाऊन कुंड्यांकडे बघत बसला. त्यांना ते फार लागलं. जगात त्यांच्या शेजारी आपणहून बसणारं तेवढं एकच माणूस होतं.

मास्तर गप्प बसायला शिकले असते तर प्रश्न मिटला असता. पण जित्याची खोड. त्यांनी उलटा विचार केला: मालिकाच शास्त्रशुद्ध झाली, तर आपल्याला बोलायला जागाच उरणार नाही आणि खुर्ची परत मिळेल! त्यांनी वाहिनीला पत्रांचा असा भडिमार केला, की उत्तरं देऊन थकलेल्या साहेबांनी शेवटी त्यांनाच विज्ञान सल्लागार नेमलं. "आमच्याकडे शास्त्रज्ञ आहे" असं जाहिरातीत सांगता येईल, हा साहेबांचा डाव.

मास्तर स्टुडिओत आले ते थेट थर्माकोलच्या उल्का टिचक्या मारून तपासत. सुताराने यानाच्या मुख्य यंत्राला मिक्सरचं झाकण बसवलं होतं, त्याला काही म्हणाले नाहीत. बाकी कशालाच सोडलं नाही. स्फोटांचा आवाज काढला. गुरुत्वाकर्षण नको म्हणून नटांना दोरांना टांगलं. कप्तानाची कंबर धरली. हिरव्या राणीला नारळ दिला आणि तिच्या जागी जिवाणू आणला. जिवाणूला अर्थातच संवाद नव्हते. कप्तान बायकोला विचारायचा, "कशी आहेस?" आणि एवढ्या अंतरावरून उत्तर यायला काही वर्षं लागणार, म्हणून पुढच्या भागात तो नुसता खिडकीबाहेर बघत बसायचा.

मास्तर ऐटीत ताईंच्या शेजारी बसले. एक अक्षर बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही नव्हतंच. ताई जिवाणूकडे बघत राहिल्या, मग जांभई देऊन उठल्या.

"कुठे चाललीस? आता सगळं बरोबर आहे!"

"हो ना. बस आता तूच बघत."

खुर्ची मिळाली आणि ताई गेल्या. ही आगीतून फुफाट्यात उडी होती, हे मास्तरांनाही कळलं. इतर घरांतही तेच चाललं असावं, कारण साहेबांनी मालिका गुंडाळायचं ठरवलं. शेवटच्या भागात कप्तान घरी येणार.

त्या प्रसंगाचे कागद मास्तरांनी स्वयंपाकघरात ताईंना वाचून दाखवले. दार उघडतं. बायको म्हणते, "प्राणनाथा, काळाच्या अथांग सागरापलीकडून तू माझ्यासाठी आलास!"

ताई भाजी चिरायची थांबल्या. "हे शक्य नाही."

"का? प्रवासाचा वेग मी स्वतः तपासलाय."

"खड्ड्यात गेला तुझा वेग. इतक्या वर्षांनी नवरा दारात उभा आणि ही भाषण ठोकते? हे बोटीवरून यायचे ना, तेव्हा मी काय म्हणायची माहितेय? बूट बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसलीय."

"एवढंच?"

"दुसरं काही तोंडातून निघायचंच नाही. मग मी आत यायची, नळ सोडायची आणि रडून घ्यायची. पाण्याच्या आवाजात ह्यांना ऐकू जायचं नाही." ताईंनी पुन्हा विळीवर भाजी धरली. "शेवटच्या वेळेला मी फरशी पुसून ठेवली होती."

मास्तरांच्या तोंडून पहिल्यांदाच "पण" निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शकाला नवा प्रसंग सांगितला. दिग्दर्शक वैतागला. "अहो, एवढ्या मोठ्या क्षणाला बूट? काही शास्त्रीय आधार?"

"परग्रहावरची धूळ अत्यंत विषारी असते," मास्तर म्हणाले. "घरात आणणं धोक्याचं."

"आणि तो नळ?"

"निर्जंतुकीकरण." एवढ्या वर्षांत मास्तरांनी विज्ञानाच्या नावावर मारलेली ही पहिली थाप. ती त्यांना छान जमली. दिग्दर्शक तरी कुरकुरत होता, तेव्हा मास्तरांनी सौदा केला. "स्फोटाला हवा तेवढा आवाज द्या. हिरव्या राणीला परत आणा. पण बूट बाहेर."

शेवटच्या दिवशी ताईंना त्यांनी अक्षरशः हाताला धरून आणून बसवलं. पडद्यावर दार उघडलं. कप्तान उभा. बायको त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बूट बाहेर काढा. आत्ताच फरशी पुसलीय." कप्तान हसला आणि वाकून बुटाची नाडी सोडू लागला. आतून नळाचा आवाज यायला लागला.

ताई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने तिथलाही नळ सुरू झाला. मास्तर जागचे हलले नाहीत. त्यांचेही डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांना रुमाल सापडत नव्हता.

इतक्यात पडद्यावर, आकाशात मागे राहिलेलं यान हिरव्या राणीसकट फुटलं. धडाड्! खिडकीची तावदानंसुद्धा थरथरली.

ताई तोंड पुसत दारात आल्या. "कसला रे हा आवाज? अवकाशात आवाज होत नाही म्हणायचास ना?"

मास्तरांनी शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी जवळ ओढली.

"होतो," ते म्हणाले. "कधी कधी होतो."