हसाकाकांचा ड्राइव्ह

फोटो काढताना "हसा, हसा" म्हणायची सवय, म्हणून गल्लीने त्या फोटोवाल्यांचं नाव हसाकाका ठेवलं. स्वतः मात्र हसण्यात पक्के कंजूष. काकू त्यांच्याही वरचढ! कॅमेरा दिसला की मान वळवायच्या. त्या गेल्यावर काकांनी त्यांचे सगळे पाठमोरे फोटो एका नव्या हार्ड ड्राइव्हमध्ये भरले; पुढे गिऱ्हाइकांचेही त्यातच. जाहिरातीत ठासून सांगितलं होतं, जन्मभराच्या आठवणी मावतील.

कसल्या मावतात! सांगितलेल्या जागेच्या जेमतेम पावपट जागा आत होती. ती भरली की ड्राइव्ह मुकाट्याने जुन्या फोटोंवर नवे उतरवायचा. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, आमच्या फोटोत ही बाई कोण?" बारशाच्या पाळण्यामागे काकू उभ्या होत्या, कमरेपर्यंतच. काकांनी तो फोटो दुसरीकडे उतरवून पाहिला, तर काकूंच्या जागी नुसता करडा चौकोन.

लेकीने ड्राइव्हच्या कंपनीवर ग्राहक न्यायालयात दावा ठोकला. कंपनीचा वकील म्हणाला, "इथे काठोकाठ भरून दाखवा. जुनं पुसलं गेलं तर मान्य करू."

"बाबा, आई उरणार नाही हो," लेक कुजबुजली. "जाऊ दे तो दावा."

"आणि उद्या दुसऱ्या कुणाची आई गेली तर?" काका म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा बाहेर काढला.

दुपारभर ते त्या दालनाचेच फोटो काढत आणि भरत राहिले. जुना एकही फोटो उघडेना. शेवटी न्यायाधीशबाईंनी नवे पाहायला मागितले. अगदी अखेरच्या फोटोत वकिलाशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. अख्ख्या. आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

न्यायाधीशबाईंनी फोटो पाहिला, मग खुर्चीकडे पाहिलं. वकिलाने आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली.

निकाल काकांच्या बाजूने लागला, पण ड्राइव्ह पुरावा म्हणून तिथेच जमा करावा लागला. तो हातातून सोडताना काकांना रडू आवरेना. लेकीने त्यांना धरून दारापर्यंत आणलं.

तिथे काका थांबले. काकूंना नेहमी मागून यायला उशीर व्हायचा, तेव्हा धरायचे तसं त्यांनी दार धरून ठेवलं. थोड्या वेळाने काका जरा बाजूला सरले, वाट दिली, आणि मग हळूच दार लोटलं.